लाकडाला पाणी कुठून लागते?

मृग बरसला की आठवडाभरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येऊ लागते : दार लागत नाही. कुणी ते खांद्याने रेटते, कुणी पायाने ढकलते, कुणी सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घेते. दिवाळी उलटली की हेच दार इतके सैल होते की वाऱ्याच्या झुळकेने आपटते आणि कडी कोयंड्यात बसत नाही. मग सगळा दोष लाकडाच्या नावावर जमा होतो. ‘हल्लीचे लाकूडच असले! पूर्वीचा साग आता मिळतो कुठे?’

पूर्वीसारखा साग मिळत नाही हे खरे आहे. पण आपल्या घरातली दारे-खिडक्या वेळेआधी मरतात, त्याचे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते. ते मला कसे कळले, ते आधी सांगते.

सात वर्षांपूर्वी आम्हाला फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा बाथरूमचे दार पाहून आई खूश झाली होती. पांढराशुभ्र, आरशासारखा चकचकीत ऑइल पेंट! तिसऱ्या पावसाळ्यात त्या दाराला खालच्या बाजूने फोड आले. लादी पुसताना आईचे बोट एका फोडाला लागले आणि पिकलेल्या पेरूत जावे तसे सरळ आत गेले. आत लाकूड उरलेच नव्हते, ओलसर तपकिरी भुगा होता. वरचा रंग मात्र तितकाच चकचकीत. चौकटीचे दोन्ही पायही गेलेले निघाले. नवे दार, नवी चौकट, ती काढताना फुटलेल्या टाइल्स, गवंड्याची मजुरी, असे सगळे मिळून जे बिल झाले त्यात आईची ठरलेली काशीयात्रा वर्षभर लांबली.

पुढच्या मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या आजोळी गेले. तिथल्या ओटीचे दार फणसाच्या फळ्यांचे. त्याला कधी रंग लागल्याचे घरातल्या कुणालाही आठवत नाही. कोकणातला पाऊस खाऊन ते काळपट पडले आहे, पण नखाने खरवडले तर आत अजून पिवळे, कडक लाकूड लागते. मांगराचे वासे बदलायला गावचे सुतारकाका आले होते. त्यांना विचारले, “काका, हे दार अजून शाबूत आणि आमचं तीन वर्षांत गेलं. असं कसं?”

“तुमच्या दाराला खालून रंग लावला होता काय?” त्यांनी उलट विचारले.

“खालून म्हणजे?”

“तळव्याला. ताई, दार अंगानं पाणी पीत नाही, तळव्यानं पितं. आणि या दाराचा तळवा बघा, उंबऱ्याच्या वर आहे. त्याच्या पायाशी पाणी कधी उभंच राहिलं नाही.”

घरी परतल्यावर मी पहिले काम केले. आईचा हातआरसा घेतला आणि बाकीच्या दारांच्या खालच्या फटीत सरकवून पाहिले. एकाही दाराच्या खालच्या कडेला रंग नव्हता. बेडरूमच्या दाराखाली तर सुताराने पेन्सिलीने मारलेली खूण जशीच्या तशी होती. ज्या कडेला पाणी सगळ्यांत आधी लागते, तीच कड कोरी! तुमच्याही घरात हातआरसा असेलच. हा लेख वाचून झाला की एकदा बघा.

नळ्यांची मोळी

लाकूड वरून भरीव दिसते, पण आतून ते बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी असते. झाड जिवंत असताना मुळांचे पाणी शेंड्यापर्यंत ज्या नळ्यांमधून चढत होते, त्या नळ्या फळी कापल्यावरही तशाच राहतात. फळीच्या रुंद अंगावर पडलेले पाणी बरेचसे घरंगळून जाते. कापलेल्या टोकाला लागलेले पाणी मात्र नळ्यांच्या उघड्या तोंडांतून कित्येक पटींनी वेगाने आत शिरते. दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोके जमिनीकडे असतात, चौकटीच्या पायांचीही तिकडेच. म्हणून कुजणे नेहमी खालून सुरू होते. आजचे बहुतेक फ्लश दरवाजे प्लायवूडचे असतात. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा, त्यामुळे तिथे तर चारही कडांना नळ्या तोंड वासून बसलेल्या.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला लाकूड, हवा आणि पाणी तिन्ही लागते. पहिल्या दोन गोष्टी आपण रोखू शकत नाही. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर कुजवणारी बुरशी डोके वर काढू शकत नाही. २५ ते ३० टक्क्यांच्या वर गेले की तिला दिवाळी. म्हणजे लाकूड टिकवण्याचे सगळे शास्त्र एका आकड्याभोवती फिरते : ते कोरडे ठेवा, आणि भिजलेच तर लवकर वाळू द्या.

आमच्या दाराचा घात इथेच झाला होता. पाणी तळव्यातून वर चढले आणि दोन्ही अंगांना दिलेल्या जाड रंगामुळे त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. अंगावर रेनकोट, पण पाय डबक्यात, अशी ती अवस्था. रंग जितका चकचकीत आणि जाड, तितके पाणी आत कोंडलेले. दार पूर्ण कोरे असते तर कदाचित जास्त टिकले असते, असे आता वाटते.

पावसाळ्यात दार फुगते तेही याच नळ्यांमुळे. हवेतला दमटपणा शोषून लाकूड रुंदीला फुगते, उंचीला जवळजवळ तेवढेच राहते. तीन फुटी दार काही मिलिमीटर वाढले तरी चौकटीत अडकायला तेवढे पुरते. म्हणून जुलैमध्ये सुताराला बोलावून भरपूर रंधा मारून घेऊ नका. तेच दार फेब्रुवारीत आक्रसेल आणि बोटभर फट पडेल. शिवाय रंध्याने कडेवरचा रंग निघून जातो आणि पाण्याला नवे तोंड मिळते. अगदीच अडले असेल तर अडते तेवढीच जागा हलक्या हाताने घासा, कोरड्या दिवशी त्यावर लगेच प्रायमर लावा आणि खरी दुरुस्ती उन्हाळ्यावर टाका.

भाज्याच्या लेण्यात

लाकूड कोरडे राहिले तर किती जगते, याचा पुरावा पाहायला फार लांब जायला नको. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि भाज्याची लेणी चढा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या या चैत्यगृहात मान वर करून पाहिले की छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतात. त्यांतल्या मूळच्या काही अजून जागेवर आहेत. तिथल्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेही सापडली आहेत, त्यावरून त्यांचे वय ठरले. दोन हजार वर्षांहून अधिक जुने लाकूड, तेही लोणावळ्याच्या पावसात! समोरच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यगृहातही अशाच लाकडी फासळ्या आहेत.

पण भाज्याला खरे पाहण्यासारखे आहे ते दाराशी. या लेण्याच्या दर्शनी भागावर पूर्वी लाकडाचे मोठे काम होते. आज त्यातले काहीच शिल्लक नाही. दगडात ते बसवण्यासाठी केलेल्या खोबण्या तेवढ्या उरल्या आहेत. जागा एकच, काळ एकच. आतले लाकूड दगडाच्या छपराखाली राहिले म्हणून जगले, बाहेरच्याने ऊन-पाऊस झेलला आणि ते मातीला मिळाले. त्या फासळ्यांना कोणते पॉलिश मारले होते याने फारसे काही अडले नसते.

आपल्या जुन्या बांधणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत लाकडी खांब कधी थेट जमिनीत रोवलेला दिसणार नाही, त्याच्या पायाशी दगडी तळखडा असतो. घर उंच जोत्यावर. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली, म्हणजे पागोळ्या खिडकीपासून दूर पडणार. केरळातल्या जुन्या घरांची उतरती, खाली झुकलेली छपरे याच विचाराची. हिमाचलातल्या काठकुणी घरांत देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचतात, मध्ये चुना-सिमेंट काही नाही, त्यामुळे भिजलेले लाकूड वाळायला वारा मिळतो. हवामान वेगळे, लाकूड वेगळे, अक्कल एकच.

आता इमारतीचे रूप बिघडते म्हणून खिडकीवरचे छज्जेच गायब झाले आहेत किंवा नावापुरते उरले आहेत. पावसाची झड सरळ तावदानावर येते आणि चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीवर पाणी साचते. ज्यांचे घर अजून बांधून व्हायचे आहे त्यांनी बिल्डरशी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या रंगावरून जरूर भांडावे, पण छज्जा दीड फुटाचा आहे की सहा इंचाचा, हेही विचारावे. तयार घरात राहणाऱ्यांनी खिडकीवर पत्र्याची किंवा फायबरची झडप लावून घेतली तर रंगाच्या दोन हातांपेक्षा ती अधिक राखण करील, मात्र आधी सोसायटीची परवानगी घ्या. खिडकीच्या खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, हेही पाहा. नवी चौकट बसवत असाल तर तिची भिंतीत जाणारी बाजू आधी डांबराने किंवा निदान प्रायमरने रंगवून घ्या, कारण एकदा बसली की ती बाजू पुन्हा दिसत नाही.

बाथरूमपुरते मात्र माझे मत आता साफ बदलले आहे. तिथे लाकूड नकोच. चौकट ग्रॅनाइटची आणि दार पीव्हीसी किंवा फायबरचे असावे. लाकडावर प्रेम असेल तर ते दिवाणखान्यात करावे.

वाळवी आणि पिठी

वाळवीचे नाव काढले की घरात रॉकेलची बाटली शोधली जाते. रॉकेल ज्या किड्यांच्या अंगावर पडते ते मरतात, बाकीचे लाखो जमिनीखाली खुशाल असतात. शिवाय घरात आगीला आमंत्रण. घरात येणारी बहुतेक वाळवी मातीत राहते आणि तिला ओल लागते. भिंतीवरून चढलेली मातीची बारीक रेघ म्हणजे तिचा झाकलेला रस्ता. तो मोडून टाका, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. दोन दिवसांनी तिथे पुन्हा पाहा. रस्ता परत बांधलेला दिसला तर ती जागती आहे, आणि मग जमिनीला आणि भिंतीच्या मुळाला छिद्रे पाडून औषध सोडणेच भाग असते. ते परवानाधारक माणसाकडून करून घ्या. कोणते औषध वापरले ते पावतीवर लिहून मागा. पूर्वी सर्रास वापरली जाणारी आल्ड्रिनसारखी औषधे विषारी म्हणून बंद झाली आहेत, तेव्हा माळ्यावर पडलेला जुना डबा कुणी ‘हे फार जालीम होतं’ म्हणून काढला तर त्याला हात लावू देऊ नका.

वाळवीची खरी दोस्ती गळक्या नळाशी. भिंतीतल्या पाइपाला पाझर असेल तर आधी प्लंबर, मग औषधवाला. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटे अंतर सोडा. पाठीमागे वारा खेळला की ओल धरत नाही, आणि मातीची रेघ वेळेवर दिसते.

पिठी ही वेगळी भानगड. पलंगाखाली सकाळी टाल्कम पावडरीसारखा बारीक भुगा पडलेला दिसतो, लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके असतात. हे काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे. यांतल्या अनेकांना लाकडातला पिष्टमय भाग हवा असतो, आणि तो असतो सालीलगतच्या पांढरट लाकडात. झाडाचा गाभा त्यांना नको असतो. सागाचे नाव मोठे झाले ते त्याच्या गाभ्यामुळे. त्यात असलेली नैसर्गिक द्रव्ये वाळवीलाही नकोशी होतात. पण सागाच्याच सालीलगतच्या पांढऱ्या भागात ती ताकद नसते. दुकानात ‘अस्सल साग’ म्हणून जे विकतात त्यात हा पांढरा भाग किती आहे, हे फळीचे कापलेले टोक पाहून ओळखा. पॉलिश चढवल्यावर सगळे एका रंगाचे दिसते, म्हणून पॉलिशआधीच बघायला जा. सुतार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आंबा, रबरवूड, बांबू यांना पिठी लवकर लागते. केरळात दूध आटलेली रबराची झाडे तोडून त्यांचे फर्निचर होते. हे लाकूड कापल्यावर लवकरात लवकर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवतात, मग वाळवतात. असे मुरवलेले रबरवूड घरात चांगले टिकते. फक्त ते गॅलरीत ठेवू नका, कारण ही औषधे पावसाच्या पाण्यात विरघळून निघून जातात.

पाण्याने धुऊन न जाणारे औषध शोधले ते एका भारतीयाने, आणि हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि अर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला मारते, अर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट बांधून ठेवते. विजेचे खांब, कुंपणे, गोद्यांचे खांब या मिश्रणात मुरवून जगभर उभे राहिले. पुढे अर्सेनिकची भीती पुढे आली आणि अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामांसाठी त्याचा वापर थांबला. आपल्यापुरता धडा असा, की असे मुरवलेले जुने खांब किंवा कोळशाच्या डांबरतेलात बुडवलेले रेल्वेचे जुने स्लीपर्स भंगारात स्वस्त मिळाले तरी त्यांचा झोपाळा, जेवणाचे टेबल किंवा मुलांची खेळणी करू नयेत. आणि ते बंबात कधीही जाळू नयेत. धूर आणि राख दोन्ही विषारी.

कुणाला काय लावावे?

आता रंग-पॉलिशकडे वळू. लाकूड कोरड्या जागी आहे, वाळलेले आहे, कीड नाही, हे सगळे जमले की मगच त्याचे काम सुरू होते.

सगळ्यांत जुने आणि माझे सगळ्यांत लाडके ते लाखेचे पॉलिश. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक चिमुकला किडा लाख तयार करतो. ती शुद्ध करून चपडा लाख होते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने लाकडावर गोल गोल फिरवत चढवायची, एकावर एक अनेक पातळ हात. भारत हा लाखेचा मोठा उत्पादक देश, तिच्यावर संशोधनासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये संस्था उभी राहिली. कर्नाटकात चन्नपट्टणला खेळणी करणारे कारागीर तर स्पिरिटही वापरत नाहीत. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून बसते, आणि वरून केवड्याच्या जातीचे पान फिरवून तिला चमक आणतात.

लाखेचे वैगुण्य एवढेच, की तिला गरम आणि ओले सोसत नाही. चहाचा गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. देव्हारा, कपाट, पुस्तकांची मांडणी, आजीची पेटी यांना ती शोभते. जेवणाच्या टेबलाला आणि गॅलरीतल्या खुर्चीला नाही. पण तिचा मोठा गुण म्हणजे ती दुरुस्त करता येते. चरा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात फिरवता येतो. मेलामाईन किंवा पीयूचे कवच जास्त कणखर असते, पाणी आणि गरम भांडी सोसते, पण खराब झाले की सगळे घासून नव्याने करावे लागते. मेलामाईनचा वास डोळ्यांना झोंबतो, काम चालू असताना आणि नंतरचे काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना तिथे झोपवू नका.

तेल हा तिसरा मार्ग. रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले जवसाचे तेल लाकडात मुरते, वर कवच धरत नाही. कवचच नाही म्हणून पोपडेही निघत नाहीत. झोपाळा, पाट, लाकडी कठडा यांना छान. पातळ हात लावावा, वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि दिवसभर वाळू द्यावे. पुसले नाही तर चिकट राहते आणि धूळ धरते. वर्षातून एकदा उजळणी हवी. इथे एक धोक्याची सूचना, आणि ती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा : या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेतात. ती बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कोकणात काजूच्या टरफलांचे तेलही वाशांना लावतात. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण ते बिब्ब्यासारखे अंगावर उठते, फोड येतात. घरी हौसेने करायचे हे काम नव्हे.

बाहेरच्या दारा-खिडक्यांसाठी पारदर्शक वॉर्निश घ्यावे असे अनेकींना वाटते, कारण लाकडाचे रेषाकाम दिसते. पण ऊन हा लाकडाचा दुसरा शत्रू. उन्हातले अतिनील किरण पारदर्शक कवचातून आत जातात आणि लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे द्रव्यच मोडतात. मग खालचे लाकूड करडे पडते, वरचे वॉर्निश सुटते आणि एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्रे लोंबू लागतात. रंगातली पूड हे किरण अडवते. म्हणून पश्चिमेच्या उन्हात आणि पावसाच्या झडीत असलेल्या दाराला ऑइल पेंटच बरा. रेषा पाहायच्याच असतील तर थोडा रंग मिसळलेले, खास बाहेरच्या लाकडासाठीचे पॉलिश मागा आणि दर दोन वर्षांनी पुन्हा हात देण्याची तयारी ठेवा.

दिवाळीआधीची घाई

आपल्याकडे रंगकाम निघते ते दिवाळीच्या तोंडावर. भिंतींसाठी ते ठीक. लाकडासाठी ही वेळ जवळजवळ सगळ्यांत वाईट. चार महिने पाऊस पिऊन लाकूड फुगलेले असते, त्यात आपण ते पाणी रंगाखाली बंद करून टाकतो. पुढच्या उन्हाळ्यात ते बाहेर पडायला धडपडते आणि फोड येतात. मग रंगारी कंपनीला नावे ठेवतो, कंपनी रंगाऱ्याला. बाहेरच्या लाकडाचे काम एप्रिल-मेमध्ये काढा, लाकूड तेव्हा सगळ्यांत कोरडे असते. भर दुपारच्या उन्हात मात्र नाही, सकाळी काम करा. लाखेचे पॉलिश तर पावसाळी हवेत मारूच नये, ते वाळता वाळता पांढरट पडते.

काम करवून घेताना दार बिजागऱ्यांवरून उतरवायला सांगा. इथेच सगळी मेख आहे. लटकत्या दाराची खालची कड कुणीही रंगवू शकत नाही. उतरवल्यावर आधी खालची आणि वरची कड प्रायमरने दोनदा भिजवायची, मग अंगाला पॉलिश पेपर, प्रायमर, भोकांना लांबी, पुन्हा घासणे आणि रंगाचे दोन पातळ हात. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. लांबी म्हणजे औषध नव्हे. कुजलेल्या भागावर लांबी चोपडून रंग मारणे म्हणजे किडलेल्या दातावर चुना लावणे. मऊ झालेला भाग पटाशीने कडक लाकूड लागेपर्यंत काढून तिथे वाळलेल्या लाकडाचा तुकडा जोडून घ्या.

जुने दार घासण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात असू द्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे भरपूर असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. दहा लाख भागांत ९० भाग, एवढीच आता मुभा आहे. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणे फार घातक. म्हणून असे दार कोरडे घासू नये. पाणकागद वापरून ओले घासावे, तोंडाला मास्क बांधावा, खाली जुनी चादर अंथरावी, आणि मुलांना व गरोदर बायकांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे. थोडे भिजलेले लाकूड दोन-तीन दिवस वाळू देऊन मग प्रायमर लावला की झाले.

आमच्या उरलेल्या चार दारांचे काम मी गेल्या मे महिन्यात काढले. रंगाऱ्याला म्हटले, दारे उतरवून खालची कड रंगवा. तो माझ्याकडे बघत राहिला. “बाई, तिथं कोण बघणार आहे?”

मी हातआरसा दाखवला. तो हसला, पण त्याने चारही दारे उतरवली. काम झाल्यावर मी खरोखरच जमिनीवर पालथी पडून एकेका दाराखाली आरसा सरकवला. तीन दारांखाली पांढरी कड चकाकत होती. चौथ्याखाली पुन्हा तीच पेन्सिलीची खूण! तो काही न बोलता डबा उघडायला गेला. आईने तोवर चहा टाकला. यंदाचा पावसाळा संपला आहे, चारही दारे एका बोटाने लागतात, आणि आरसा सध्या शेजारच्या वहिनींकडे गेला आहे. त्यांच्या बाथरूमच्या दाराला खालून फोड आले आहेत.